जर्मनीत कंपनी काढणं वेगळं, जर्मनीत राहायला मिळणं वेगळं

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा: भोसरी एमआयडीसीत तुमचं जिग-फिक्श्चर (काम करताना सुटा भाग पकडून ठेवणारी साधनं) आणि छोट्या एसपीएमचं (एकाच ठरावीक कामासाठी बनवलेल्या यंत्रांचं) वर्कशॉप आहे, नऊ माणसं कामाला आहेत. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, संचालक तुम्ही आणि तुमचे वडील. तुमचं वय ४३, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. गेली चार वर्षं श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्याला तुमचा माल जातो आणि आता ते म्हणतात, "तुमचं इथे कुणीतरी हवं." एका सल्लागाराने तुम्हाला सांगितलंय की जीएमबीएच (आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी जर्मन) कंपनी काढा, २५,००० युरो भरा, व्हिसा मिळेल, तीन वर्षांत कायमचा परवाना. कंपनी स्थापनेसाठी नोटरीची तारीखही तो घेतो आहे. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की पत्नी हिंजवडीत एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये ११ वर्षं आहे, बीई आहे, "ती तिकडे काहीतरी बघेल". मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत आणि तुम्हाला पाच वर्षांपासून साखर आहे. विचारलंय ते एवढंच: व्हिसा कोणता, पैसे किती आणि कायमचं कधी?

मी १४ वर्षं श्टुटगार्ट परिसरात लहान उद्योजकांचे व्यवसाय-आराखडे आणि परवान्यांच्या फायली तयार करतो. त्यात आपल्याकडच्या, विशेषतः पुणे-पिंपरीच्या लोकांच्या फायली बऱ्याच. मी वकील नाही. नकारावर दाद मागायची वेळ आली तर वकीलच लागेल. पण फाइल कुठे अडते ते मला रोजच्या कामातून माहीत आहे आणि तुमची कुठे अडेल ते तुमच्या पत्रातच दिसतंय.

सर्वांत आधी ती २५,०००ची गोष्ट बाजूला काढू. जीएमबीएचला किमान भागभांडवल २५,००० युरो लागतं हे खरं. त्यातले निम्मे, म्हणजे १२,५०० युरो, नोंदणीआधी बँकेत असावे लागतात. पण हा कंपनी कायद्याचा आकडा आहे, राहण्याच्या परवान्याशी त्याचा काही संबंध नाही. भारतात राहणारा माणूस जर्मन कंपनीचा शंभर टक्के मालक होऊ शकतो. तेवढ्याने त्याला तिथे एक दिवस जास्त राहण्याचा हक्क मिळत नाही. मालकी आणि वास्तव्य ही दोन दारं आहेत, त्यांच्या किल्ल्या वेगळ्या. तुमचा सल्लागार पहिल्या दाराची किल्ली दाखवून दुसऱ्याचे पैसे घेतोय असं मला वाटतं.

उलट बाजूचा एक आकडाही अजून ऐकू येतो: अडीच लाख युरो आणि पाच नोकऱ्या. हा एके काळी कायद्यात खरोखर होता. २०१२ साली तो काढून टाकला. आज व्यवसायासाठी राहायचा परवाना मिळतो तो निवास कायद्याच्या कलम २१ खाली, आणि तिथे कुठलाही ठरलेला आकडा नाही. तीन गोष्टी बघतात. तुमच्या धंद्याची त्या भागाला गरज आहे का किंवा त्यात आर्थिक हित आहे का, स्थानिक अर्थव्यवस्थेवर त्याचा चांगला परिणाम होईल का, आणि स्वतःच्या पैशाने किंवा कर्जाच्या लेखी हमीने तो उभा राहण्याची सोय झाली आहे का. त्यासाठी कल्पना टिकाऊ आहे की नाही, तुमचा धंद्याचा अनुभव, भांडवल, रोजगार आणि काही नवं आणता का, हे तपासतात. पदवीची सक्ती नाही, म्हणून डिप्लोमामुळे या वाटेवर तुमचं काही अडत नाही. परवाना देणारं परदेशी नागरिक कार्यालय हे सगळं एकटं ठरवत नाही. ते तिथल्या उद्योग-व्यापार मंडळाचं, म्हणजे आयएचकेचं, मत मागवतं आणि माझ्या अनुभवात फाइलचं नशीब बहुतेक वेळा त्या मतावर ठरतं.

तुमच्यासारख्या फायलीत आयएचकेचा माणूस काय शोधतो ते सांगतो. त्या पट्ट्यात यंत्र आणि अवजारं बनवणाऱ्या लहान कंपन्या दाट आहेत. "मीही फिक्श्चर बनवणार" असं लिहिलंत तर तो म्हणेल, आमच्याकडे बनवणारे आहेत. पण "पुण्यात बनलेल्या फिक्श्चरची जुळणी, दुरुस्ती आणि फेरबदल इथे २४ तासांत करून देणार आणि त्यासाठी दुसऱ्या वर्षी इथलाच एक तंत्रज्ञ नेमणार" असं लिहिलंत आणि त्याला तुमच्या गिऱ्हाइकाचं पत्र जोडलंत, तर बोलणं बदलतं. पत्रात नुसती शुभेच्छा नको. वर्षाला साधारण किती रकमेचं काम, किती वर्षं, कोणत्या अटीवर, हे हवं. असं एक पत्र असलं की मला चाळीस पानांचा बाजारपेठेचा आढावा लिहावा लागत नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे, ज्याबद्दल सल्लागार सहसा बोलत नाहीत. जर्मनीत काही हस्तव्यवसाय स्वतंत्रपणे चालवायला 'माइस्टर' ही पात्रता लागते. अचूक यांत्रिकी काम, ज्यात अवजार-निर्मितीही येते, त्या यादीत आहे. तुम्ही तिथे लहान मशीन शॉप टाकून एकेक नग बनवू लागलात, तर हस्तव्यवसाय मंडळ विचारेल, तुमचा माइस्टर कोण? मोठ्या प्रमाणावर औद्योगिक पद्धतीने उत्पादन असेल तर गोष्ट वेगळी, पण एक मिलिंग मशीन आणि दोन माणसं म्हणजे उद्योग हे पटवणं सोपं नाही. माइस्टर पगारावर ठेवता येतो, पण तो शोधणं आणि त्याचा पगार पेलणं हा पहिल्या वर्षाचा विषय नव्हे. म्हणून माझा आग्रह असा की उत्पादन भोसरीतच ठेवा. जर्मनीत विक्री, आरेखन आणि सेवा एवढंच न्या. आणि तेही आयएचके आणि हस्तव्यवसाय मंडळ दोघांना आधी विचारून.

आता पैसे. तुमच्या बेतासाठी माझ्या हिशेबात भागभांडवल धरून ७० ते ९० हजार युरो कंपनीसाठी आणि त्याशिवाय घरखर्च लागेल. चौघांच्या कुटुंबाला त्या भागात भाडं आणि विमा धरून महिन्याला ४,००० युरोच्या खाली मी आराखडा मांडत नाही. हे कायद्याचे आकडे नव्हेत, माझ्या फायलींतून तयार झालेला अंदाज आहे. पण महिन्यामहिन्याच्या रोख रकमेच्या तक्त्यात आठव्या-नवव्या महिन्यात शिल्लक शून्याखाली गेलेली दिसली, तर पुढची पानं कुणी आस्थेने वाचत नाही. एक युरोत निघणारी यूजी नावाची छोटी कंपनीही असते. ती वाईट नाही, पण कारखान्यांना माल विकणाऱ्याने ती काढली की समोरच्याला वाटतं, याच्याकडे पैसा नाही.

पैसा भारतातून कसा जाणार हेही आत्ताच ठरवा. पुण्यातली कंपनी गुंतवणार असेल तर ती विदेशी गुंतवणुकीच्या, म्हणजे ओडीआयच्या, २०२२च्या नियमांखाली बँकेमार्फत जाते. तुम्ही स्वतः गुंतवणार असाल तर उदारीकृत पैसे पाठवणी योजनेतून, म्हणजे एलआरएसमधून, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. त्यातही १० लाख रुपयांवरच्या गुंतवणुकीच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, आणि आराखड्यात तो धरला नाही तर नोटरीच्या आठवड्यात बोंब होते. वैयक्तिक गुंतवणूक असेल तर त्या जर्मन कंपनीला पुढे उपकंपनी काढता येत नाही. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवालही बँकेकडे द्यावा लागतो. एकाने भागभांडवलाची रक्कम 'नातेवाइकाच्या निर्वाहासाठी' या खात्यावर पाठवली, कारण फॉर्म सोपा होता. दोन वर्षांनी कंपनी विकायची वेळ आली तेव्हा ते निस्तरायला जो मनस्ताप झाला तो मी जवळून पाहिला आहे. ओडीआयचं काम केलेला सीए धरा. नेहमीचा सीए चांगला असेल, पण हे काम वेगळं आहे.

तर कलम २१ची वाट तुम्हाला बंद नाही. गिऱ्हाईक आहे, अनुभव आहे, पैसा जमेल. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो, बहुधा आधी कमी मुदतीचा. तीन वर्षांनी कायमचा परवाना मिळू शकतो, सल्लागाराने इथवर बरोबर सांगितलं. पण कायद्याचे शब्द असे आहेत: ठरवलेला व्यवसाय यशस्वीपणे उभा केला असेल आणि त्या उत्पन्नातून कुटुंबाचा खर्च सुरक्षितपणे चालत असेल, तर देता येतो. म्हणजे तुमच्या राहण्याचा हक्क तीन वर्षं धंद्याच्या ताळेबंदाला टांगलेला असतो. मोटार उद्योगाच्या भागात एक गिऱ्हाईक एका तिमाहीत मागणी निम्म्यावर आणू शकतं. पुण्यात असं झालं तर तुम्ही दुसरं गिऱ्हाईक शोधाल, जॉबवर्क घ्याल, सहा महिने कळ काढाल. तिथे त्याच सहा महिन्यांत मुदतवाढीची तारीख आली, तर तुमची मुलगी कुठे शिकणार हा प्रश्न उभा राहतो.

त्यात तुमच्यासाठी ही वाट अवघड करणारी आणखी दोन कारणं आहेत. पहिलं वय. कलम २१ खाली ४५ वर्षांवरच्या भारतीय अर्जदाराला म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते, पेन्शन किंवा मालमत्ता. रक्कम लहान नसते. तुम्ही ४३चे आहात. आज ठरवलंत तर अट लागू होत नाही. दोन वर्षं चर्चेत गेली तर होते.

दुसरं कारण साखर, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच आहे. जर्मनीत आरोग्य विम्याशिवाय परवाना नाही. नोकरदार माणूस सरकारी विमा व्यवस्थेत येतो, तिथे आजार विचारत नाहीत, आणि कमावतं नसलेलं जोडीदार व मुलं त्याच हप्त्यात येतात. पण थेट भारतातून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून येणाऱ्याला त्या व्यवस्थेत सहसा शिरता येत नाही, कारण आधीचा विमा-काळ त्याच्याकडे नसतो. त्याला खासगी विमा घ्यावा लागतो. तिथे वय आणि आजार बघून हप्ता ठरतो किंवा नकार येतो, आणि घरातल्या प्रत्येकाचा हप्ता वेगळा. मूळ दराची एक योजना खासगी कंपन्यांना द्यावीच लागते, पण ती स्वस्त नाही. परदेशी पाहुण्यांसाठी स्वस्तातले मुदतीचे विमे विकले जातात. ते घेऊन व्हिसा कदाचित निघतो, पण मुदतवाढीच्या वेळी कार्यालय तो पुरेसा नाही म्हणतं. मग ४६व्या वर्षी, साखर असताना, नव्याने विमा शोधायचा. याच कारणाने चांगला चाललेला धंदा गुंडाळून परत गेलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. त्यांच्या धंद्याला काहीच झालं नव्हतं.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्याकडे येतो. "ती तिकडे काहीतरी बघेल." माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या वाक्यात आहे, फक्त ते उलटं लिहिलंय.

तुमची पत्नी अभियांत्रिकीची पदवीधर आहे, एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये ११ वर्षं आहे आणि तुमचं गिऱ्हाईक ज्या भागात आहे तिथे या कामाची माणसं लागतात. तिला तिथल्या कंपनीने नोकरी देऊ केली तर ती ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधर नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर, जाऊ शकते. २०२५ साली त्यासाठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता, आणि आयटी व अभियांत्रिकीसारख्या माणसं कमी असलेल्या क्षेत्रांत ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. तिची पदवी आणि विद्यापीठ 'अनाबिन' या जर्मन यादीत कसं नोंदलंय ते आधी बघावं लागेल. नसेल तर तुलनेचं प्रमाणपत्र काढावं लागतं.

ब्लू कार्डवरच्या व्यक्तीच्या जोडीदाराला कुटुंब म्हणून जो परवाना मिळतो, त्यावर कमाईचं कुठलंही काम करता येतं. नोकरीच नव्हे, स्वतःचा धंदाही. म्हणजे तुम्ही तिथे पोचून तीच जीएमबीएच काढू शकता, त्याच गिऱ्हाइकाला तीच सेवा देऊ शकता, आणि तुमच्या आराखड्यावर आयएचकेच्या मताची गरजच उरत नाही. व्हिसासाठी तुमच्यावर जर्मन भाषेच्या परीक्षेची सक्ती नाही. वयाची पेन्शन-अट तुम्हाला लागत नाही. आणि विमा: सुरुवातीला, तुमचा धंदा मुख्य व्यवसाय होण्याइतका वाढेपर्यंत, तुम्ही तिच्या सरकारी विम्यात मुलांसह येता. पुढे धंदा वाढला की त्यातून बाहेर पडावं लागतं, पण तेव्हा त्याच सरकारी व्यवस्थेत स्वतःचा हप्ता भरून राहता येतं. साखरेचा प्रश्न कुणी विचारत नाही. मात्र तिने नोकरी लागल्यावर सरकारी विमाच निवडायला हवा. पगार मोठा असेल तर खासगी विम्याचे विक्रेते पहिल्याच महिन्यात तिच्यापर्यंत पोचतील.

कायमच्या परवान्याचा हिशेब यावर मांडून बघा. ब्लू कार्डवरच्या व्यक्तीला जर्मनची बी-१, म्हणजे मधली, पातळी असेल तर २१ महिन्यांत, नुसती ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक, असेल तर २७ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, अर्थात तेवढे महिने पेन्शनची वर्गणी भरलेली हवी. तिला तो मिळाला की तुमच्यासाठीही सवलत आहे. जोडीदाराने तीन वर्षं परवान्यावर काढलेली असतील, आठवड्याला किमान २० तास काम असेल आणि बी-१सह बाकीच्या अटी पुऱ्या असतील, तर त्यालाही कायमचा परवाना मिळतो. वेळ जवळजवळ तेवढाच, तीन वर्षं. पण या तीन वर्षांत तुमच्या गिऱ्हाइकाने मागणी निम्मी केली तरी घर हलत नाही.

या वाटेची किंमतही आहे. तुमचा परवाना पहिली तीन वर्षं विवाहाला बांधलेला असतो. तिची नोकरी गेली तर तिला ठरावीक मुदतीत दुसरी शोधावी लागेल. पहिल्या वर्षात नोकरी बदलली तर कार्यालयाला कळवावं लागतं. आणि मुख्य म्हणजे घराचा भार तिच्यावर जाईल: नव्या देशात नवी नोकरी, नवी भाषा, दोन मुलं, आणि नवरा दिवसभर कारखान्यांच्या दारात. हे तिने मनापासून स्वीकारलेलं हवं. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत मी हा प्रश्न बाईंना वेगळा विचारतो आणि नवऱ्याला उत्तर देऊ देत नाही. ११ वर्षांत तिने जे कमावलंय त्यावर सगळं कुटुंब उभं राहणार असेल, तर कोणत्या कंपनीत, कोणत्या शहरात, केव्हा, हे तिने ठरवायचं. तुमचं गिऱ्हाईक श्टुटगार्टजवळ आहे, पण तिला चांगली नोकरी म्युनिकला मिळाली तर धंदा गाडीने दोन-अडीच तासांवरून करावा लागेल. तो करता येतो.

तुमच्या डोक्यात येईल म्हणून एक पळवाट आधीच बंद करतो. स्वतःच जीएमबीएच काढायची, त्या कंपनीने तुम्हाला नोकरीवर ठेवायचं आणि त्या नोकरीवर परवाना घ्यायचा. कंपनीतला मोठा हिस्सा ज्याचा आहे आणि जो ती चालवतो, त्याला कार्यालय नोकरदार धरत नाही, स्वतंत्र व्यावसायिकच धरतं. मग फाइल कलम २१च्याच टेबलावर जाते, आणि ती तिथे संशयाने उघडली जाते. २०२४ पासून सुरू झालेलं संधी-कार्ड, चान्सनकार्ट, हे नोकरी शोधण्यासाठी आहे. धंद्यासाठी नाही.

आता भोसरीचं काय? वडील पुण्यात आहेत ही चांगली गोष्ट, कारण भारतीय कंपनी कायद्याप्रमाणे निदान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा हवा. पण कागदावर वडील आणि भाव, खरेदी, माणसं घेणं, सगळे निर्णय तुम्ही जर्मनीतून फोनवर, असं झालं तर जर्मन करखातं म्हणू शकतं की पुण्याच्या कंपनीचा कारभार प्रत्यक्षात इथून चालतो, म्हणून तिचा नफाही इथे करपात्र आहे. जर्मनीत कंपनीच्या नफ्यावरचे कर मिळून साधारण ३० टक्के होतात, गावाप्रमाणे थोडे कमी-जास्त. म्हणून जाण्याआधी भोसरीत खरोखर निर्णय घेणारा माणूस तयार करा. तुमच्या नऊ जणांत तो बहुतेक असेलच. त्याला अधिकार द्या, बँकेची सही द्या, आणि दोन कंपन्यांमधले भाव बाजारभावाने लेखी ठरवा.

दुसरी गोष्ट दिवसांची. जर्मन परवाना असताना सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात तर परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डवाल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला १२ महिन्यांची सवलत आहे. कलम २१वर आलेल्या एका गृहस्थांच्या वडिलांचं आजारपण लांबलं, ते गावी सात महिने राहिले, आणि परत आले तेव्हा परवाना उरला नव्हता. आधी कार्यालयाला लेखी कळवून मुदत वाढवून घेतली असती तर वाचला असता. तुमच्या वडिलांचं वय लिहिलेलं नाही, पण हे लक्षात ठेवा.

आता जो प्रश्न तुम्ही विचारलाच नाही तो विचारतो. जायलाच हवं का? गिऱ्हाईक म्हणतंय "इथे कुणीतरी हवं". त्यांना तुम्ही हवे आहात, की बिघाड झाला तर दुसऱ्या दिवशी येणारा माणूस? त्यांना स्पष्ट विचारा. बोलणी आणि भेटींसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्यवसाय-व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस जाता येतं. तुम्ही पुरवलेली एसपीएम बसवायला आणि दुरुस्त करायला तुमच्या कंपनीच्या माणसांना १२ महिन्यांत ९० दिवसांपर्यंत पाठवण्याची सोयही जर्मन नियमांत आहे, जाण्यापूर्वी तिथल्या रोजगार खात्याला कळवून. बाकीच्या दिवसांसाठी एखाद्या स्थानिक सेवा-कंपनीशी करार होऊ शकतो. माझे दोन ग्राहक याच पद्धतीने सहा-सात वर्षं पिंपरीतून काम करत आहेत आणि त्यांना हलायची इच्छा नाही. मुलांना तिकडे वाढवायचंय, आपल्यालाच तिथे राहायचंय, असं असेल तर तेही पूर्ण योग्य कारण आहे. पण मग ते धंद्याच्या नावाखाली लपवू नका, कारण त्यावरून वाट बदलते.

मुलगी सातवीत आहे म्हणून भाषेचं वेळापत्रक तुमच्या व्हिसापेक्षा महत्त्वाचं आहे. १२-१३ वर्षांचं मूल आधी भाषेच्या तयारीच्या वर्गात जातं आणि दीड-दोन वर्षांत सावरतं. १५व्या वर्षी गेलेल्या मुलांना शाळेचा शेवटचा टप्पा आणि भाषा एकदम पेलावी लागते आणि ती खूप ओढाताण असते. जायचं ठरलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. पत्नीने आणि मुलीने जर्मनचा वर्ग आजच धरावा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे, सोय उत्तम आहे. तुम्हीही जा. गिऱ्हाइकाच्या शॉप फ्लोअरवरचा फोरमन इंग्रजी बोलेलच असं नाही, आणि तुमचं काम त्याच्याशी आहे.

मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा ठेवला असता. नोटरीची तारीख पुढे ढकला. कंपनी आत्ता काढलीत तर ती रिकामी बसेल, आणि रिकाम्या कंपनीलाही हिशेबनीस, वार्षिक ताळेबंद आणि व्यापार-उद्योगाची वर्गणी चुकत नाही. पत्नीशी बोला, तिची तयारी असेल तर अनाबिन तपासा आणि तिने अर्ज करायला सुरुवात करावी. त्याच वेळी गिऱ्हाइकाकडून ते रकमेचं पत्र मागा, कारण कोणत्याही वाटेने गेलात तरी ते लागेल. सहा-आठ महिन्यांत तिला नोकरी मिळाली नाही, किंवा तिला ती नकोच असेल आणि तरी जायचं पक्कं असेल, तर कलम २१ची फाइल करू, पण तुमच्या ४५व्या वाढदिवसाच्या बऱ्याच आधी. ती फाइल पहिल्यांदाच पूर्ण जायला हवी. जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे फेरविचाराचा विनामूल्य अर्ज करायची सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज नाहीतर न्यायालय. आणि त्या फायलीच्या आधी एखाद्या स्वतंत्र विमा-सल्लागाराकडून तुमच्या साखरेचे अहवाल दाखवून खासगी विम्याचा लेखी होकार आणि हप्ता घ्या. तो आकडा बघून कदाचित तुम्ही स्वतःच ठरवाल.

पत्नीच्या पदवीचं नेमकं नाव आणि विद्यापीठ, गिऱ्हाइकाकडे गेल्या दोन वर्षांत गेलेल्या मालाची एकूण रक्कम आणि तुमची एचबीए१सी (साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी), एवढं कळवलंत तर यापुढचं नेमकं सांगता येईल. नावं-पत्ते नकोत.